बायकांची ओळ

नवं गीतांचं पुस्तक वाटलं त्या रविवारी देवळात सगळ्यांचीच तोंडं उजळली होती. निळं गुळगुळीत कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत पांढरा शुभ्र कागद. सलोमीकाकीने तर आधी त्याचा वास घेतला. जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. कोऱ्या पुस्तकाचा वास आला की तिचा हात आपोआप खडू शोधायचा.

मिशनचं हे देऊळ खाडीच्या वर, सड्याच्या उघड्या कातळावर. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मधून चालायची वाट. उजवीकडे पुरुषांचे बाक, डावीकडे बायकांचे. गीतसमितीचा सचिव गुरुदास पुढे उभा राहिला. हा काकीच्या थोरल्या जावेचा मुलगा, कुडाळला एका कारखान्यात मॅनेजर. हातात मोबाइल, खांबाला नवा स्पीकर.

"पहिलं गीत आपल्या देवळातलं," तो म्हणाला. "याच सड्यावर रचलेलं. आता सगळ्या महाराष्ट्रातल्या मंडळ्या ते म्हणणार आहेत, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे."

त्याने मोबाइलवर बोट ठेवलं. स्पीकरमधून बाजा वाजला, तबला वाजला, आणि उजवीकडचे पुरुष म्हणाले:

"उजळी प्रभो, अंधाऱ्या या हृदयाचे मंदिर..."

ओळ संपली. डावीकडच्या बायकांनी श्वास घेतला.

तो श्वास छातीतच राहिला. बाजा थांबलाच नाही. पुरुष पुढच्या ओळीवर गेले, तिच्यापुढच्या ओळीवर गेले. सलोमीकाकीच्या शेजारची संचिता तोंड उघडं ठेवून इकडेतिकडे बघायला लागली, चालत्या एसटीत चढायला निघालेलं माणूस बघतं तशी. दोघीतिघींनी मध्ये घुसायचा प्रयत्न केला, त्यांचे शब्द पुरुषांच्या शब्दांवर आपटले, आणि त्या लाजून गप्प झाल्या.

काकीने पुस्तकात पाहिलं. ओळीखाली ओळ. मध्ये काही नाही.

नव्या माणसाला यात काय बिघडलं ते कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. मिशन इथे आलं तेव्हा देवळातली गाणी परक्या चालीवर होती. मडमेने पायपेटी आणली होती, साहेबाने आपल्या देशातली गीतं मराठीत करून घेतली होती, आणि ती म्हणताना लोकांची जीभ पायरी चुकल्यासारखी अडखळायची. मग पहिल्या पिढीतल्या एका मास्तरांनी आपल्याकडच्या चालींत गीतं रचली. पुरुषांना वाचता येत होतं, ते ओळी वाचून म्हणायला लागले. बायकांना अक्षर येत नव्हतं. पण पहाटे जात्यावर बसून ओवीमागून ओवी ओढणाऱ्या त्या बायका देवासमोर मुक्या बसणार थोड्याच! पुरुषांची ओळ संपली की त्या आपली एक ओळ घालायच्या. मालवणीत, जात्याच्या लयीत. साहेबाला ते आवडलं नाही. मडम म्हणाली, म्हणू देत. पुढे पुस्तक छापायची वेळ आली. दर गावच्या बायकांची ओळ वेगळी. मग कोणाची छापायची? तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक ओळीखाली ठिपक्यांची एक ओळ सोडली गेली. तिथे ज्या त्या गावच्या बायकांनी आपलं म्हणायचं. नंतर पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं, कागद बदलले, छापखाने बदलले, ठिपके राहिले.

आता ते गेले होते.

उपासना संपल्यावर काकी घंटेखाली थांबली. गुरुदासशी लोक हात मिळवत होते. गर्दी ओसरल्यावर ती पुढे झाली. आवाज नेहमीसारखाच हळू. आवाज चढवायचा नाही हा तिचा नेम होता, आणि वर्गात पोरं याच हळू आवाजाला घाबरायची.

"गुरुदास, ठिपके खंय गेले रे?"

"कसले ठिपके, काकी?"

"बायकांचे."

तो हसला. "ते होय! अगो, ता काढलां."

"माका वाटलां, छापणाऱ्याची चूक झाली."

"चूक नाय. समितीत ठरलां. घाटावरचे लोक विचारूक लागले, ह्या मधी टिंब टिंब टिंब काय? शब्द हरवले काय? आणि दर ओळीक एक ओळ रिकामी म्हटल्यावर पानां किती वाढतत माहीत आसा?"

"मगे तू काय सांगलंस तेंका?"

"काय सांगतलंय?" गुरुदासने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या बायका मधीच उठान मालवणीत काय काय म्हणतत, असां सांगू? देवाक 'अरे बाबा' म्हणतत? कोण मेलां की मातीच्या गीतात तुमी काय म्हणतास ता आठव. 'शिक्षा भोगून ईली, रे बाबा, आता जेवक वाढ.' एका रेव्हरंडांनी कपाळाक हात लावलो. म्हणाले, तारण कृपेने मिळतं, भोगून मिळत नाही, हे तुमच्या बायकांना कोणी शिकवलं नाही का?"

"तेंका बायल आसा काय?"

"काकी!"

"नाय, विचारलंय. आसा तर तिका विचारुंदे, भोगून काय काय गावता ता."

गुरुदासला हे झोंबलं. तो एकदम ऑफिसातल्या मराठीवर गेला. "हे बघ काकी, हा ग्रंथ आहे. तो दर्जेदार असला पाहिजे. आणि तू मला हे सांगतेस? शाळेत मालवणी बोललो म्हणून माझ्या हातावर पट्टी तूच मारलीस."

"मारलंय. वर्गात मारलंय. देवळात कोणाच्या तोंडातली ओळ ओढून काढूक मी गेलंय नाय."

"पुढच्या आवृत्तीत बघू. शेवटी परिशिष्ट घालू. 'स्थानिक लोकगीतं' असा मथळा देऊन."

"परिशिष्ट," काकी म्हणाली. "पुरुष जेवन उठले, आता बायकांनी बसा. तसांच ना?"

गुरुदासचा फोन वाजला आणि त्याची सुटका झाली.

सलोमीकाकीचा आणखी एक नेम होता. सूर्य बुडायच्या आत त्या दिवसाचा राग मिटवायचा. ज्याच्यावर राग असेल त्याच्या दारी जायचं, नाहीतर निदान गुडघे टेकून त्याचं नाव घ्यायचं. इतकी वर्षं हा नेम बहुतेक एकाच माणसासाठी खर्ची पडला होता: थोरली जाव रिबेका. दोघींच्या घरांमध्ये एक दगडी गडगा, गडग्यावर एक माड. माड रिबेकाचा, पण वाकलेला काकीकडे. नारळ पडला की भांडण. रिबेकाची जीभ म्हणजे विळी. दुपारी ती काकीच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि तिन्हीसांजेच्या आधी काकी वाटीत सोलकढी नाहीतर दोन शिरवाळे घेऊन गडग्याशी उभी राहायची. "इली बघा शांती करूक," असं म्हणत रिबेका वाटी घ्यायची आणि चवीला नावं ठेवायची. पण रविवारी दोघी एका बाकावर. पुरुषांची ओळ संपली की रिबेका सूर धरायची, काकी तो उचलायची. त्या एका ओळीत त्यांचं कधी भांडण झालं नाही.

त्या संध्याकाळी काकी परसदारी गुडघे टेकून बसली. गुरुदासचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. खाडीच्या तोंडाशी सूर्य पाण्याला टेकला, लाल झाला, गेला. राग तिथेच. ती उठली, लुगड्याची माती झाडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा राग घेऊन चूल पेटवायला गेली.

रिबेका तेव्हा अंथरुणाला खिळली होती. पावसाआधी न्हाणीत पडून खुबा मोडला, मग छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी हात टेकले होते. शेजारची फातिमा रोज सकाळी पेज घेऊन यायची, काकी दुपारभर बसायची. मुलगा रात्री कुडाळहून येऊन आईच्या पायाशी बसायचा. आईवर त्याचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. प्रेम होतं. त्यामुळेच काकीचा राग आणखी पेटायचा.

दुसऱ्या दिवशी काकीने जावेला सगळं सांगितलं.

रिबेका छताकडे बघत म्हणाली, "माज्या झिलान?"

"तुज्या झिलान."

"शिरा पडो तेच्या समितीर." मग ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. "जल्माक घातलंय मी, आणि म्हणता काय, आवशीक देवावांगडा बोलूक येणा नाय."

"हसतंस काय? माजो जीव जळता."

"मगे काय करू? ह्या खुब्यान उठान जावन तेचो कान पिळू?" रिबेकाने श्वास गोळा केला. "आयक. माज्या मातीक अर्धां गीत म्हणश्यात तर पेटयेतसून उठान येयन. सांगून ठेवतंय."

"तू सांग तेका. तुजां आयकात."

"मी?" रिबेकाने मान फिरवली. "आवशीन मागूचां लागता काय? मी मागूचंय नाय. तू बघ."

मातीचं गीत म्हणजे प्रेतयात्रेचं गीत. या मंडळीत त्याची एक रीत आहे. देवळातून शवपेटी निघाली की पुरुषांच्या ओळीला खांदेकरी चालतात. पुरुषांची ओळ संपली की थांबतात. पेटी खांद्यावर तशीच, पाय जमिनीला रुतल्यासारखे. मागून बायका आपली ओळ म्हणतात, आणि ती संपल्याशिवाय मेलेलं माणूस पुढे जात नाही. पुरुष देवाला सांगतात, हा पापी येतो आहे. बायका देवाला थांबवून सांगतात, कोण येतंय ते नीट बघ. आणि दफनभूमीच्या फाटकाशी शेवटची ओळ येते, ती कोणाचीच ठरलेली नसते. मेलेल्या माणसाच्या सगळ्यांत जवळची बाई ती नवी करते. त्या माणसापुरती. पुन्हा ती कधी कोणासाठी म्हणत नाहीत.

"माज्यासाठी काय म्हणतलंस?" रिबेकाने डोळे बारीक करून विचारलं.

"तुका कित्या सांगू? तेवा आयक."

"तेवा आयकूक मी आसतलंय काय गो, शाळामास्तरणी?" मग, वेगळ्याच आवाजात, "बरी म्हण. नारळाचां काडू नको."

रिबेका गेली ती शुक्रवारी पहाटे, झोपेतच. दुपारनंतर माती ठरली.

घरी माणसं जमली. बायकांनी रिबेकाला पांढरं पातळ नेसवलं, केस विंचरले. काकीने सगळं केलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मग ती अंगणात गेली. पाळकसाहेब तिथे खुर्चीवर बसून नव्या पुस्तकात कागदाचे तुकडे खुणेसाठी घालत होते. तरुण माणूस, घाटावरून आलेला, बोलायला गोड. पायाशी समितीचा लहान स्पीकर.

"सलाम, साहेब. मातीचां गीत आमच्या रीतीन व्हयां."

पाळकसाहेब उठून उभे राहिले. "मावशी, मला तुमच्या भावना समजतात. पण समितीचं ठरलंय, पुस्तकात आहे तेवढंच. ट्रॅकही तसाच केलाय. आणि आज घरात दुःख आहे. दुःखाच्या वेळी वाद नको."

"वाद मी हाडूक नाय, साहेब."

"हो, पण नको. आज नको."

काकीने ते दोन शब्द मनात पुन्हा म्हटले. वाद नको. ज्याचं नेलं त्यालाच नेहमी सांगतात, वाद नको. ज्याने नेलं त्याला कोण सांगतो? माड माझ्या अंगणात वाकला तेव्हा सासरे म्हणाले, वाद नको. पगार नवऱ्याच्या हातात द्यायला लावला तेव्हा आई म्हणाली, वाद नको. आणि काकी ऐकत आली, सूर्य बुडायच्या आत, शांती करत, वाटी घेऊन. देवाच्या नावाने तिने गिळलेलं सगळं त्या क्षणी घशाशी आलं. ती एवढंच म्हणाली, "बरां." आणि बायकांत जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाले?" संचिताने विचारलं.

"आपली ओळ आपण म्हणूची."

"पण काकी, ट्रॅक थांबूचो नाय. आमी मधी कशी घुसतलंव?"

काकी पदर खांद्यावर ओढून रिबेकाच्या पेटीकडे गेली.

देवळातली प्रार्थना झाली. सहाजणांनी पेटी उचलली. पुढे उजव्या खांद्याला गुरुदास, डाव्याला भिकाजी. भिकाजी किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढणारा माणूस. मंडळीत कोणी मेलं की पुढचा खांदा त्याचाच, कारण पेटी हलवू न देता तो उतार उतरायचा. पाळकसाहेब सर्वांत पुढे, छातीशी स्पीकर धरून. ट्रॅक गुरुदासच्या खिशातल्या फोनवर लावलेला. देवळासमोरून डांबरी रस्ता सड्यावरून उतरतो तो किनाऱ्याला लागतो, आणि तिथे सुरूच्या बनाशेजारी दफनभूमी.

बाजा सुरू झाला.

"मातीचा हा देह, प्रभो, मातीला मिळणार..."

पुरुष म्हणाले. पावलं पडली. ओळ संपली, आणि भिकाजी थांबला.

गुरुदास पुढे गेला. पेटी वाकडी झाली, मागचे दोघे धडपडले, कोणीतरी "ए, ए, सांभाळ!" म्हणून ओरडलं. स्पीकर एकटाच दुसरी ओळ म्हणत पुढे चालला, कारण पाळकसाहेबांना मागे काय झालं ते कळलंच नाही.

"भिकाजीकाका, चल," गुरुदास दात आवळून म्हणाला.

"खंय चलू? बायकांची ओळ आसा."

"ती काढली आता."

"कोणी?"

"समितीन. तुका माहीत आसा. चल."

भिकाजीने पाय उचलायला बघितलं असेल. नसेलही. तो म्हणाला, "माजो पाय उचलना नाय, रे. मी काय करू?" मागच्या दोन म्हाताऱ्यांचीही तीच गत. पुढे ओढणारा गुरुदास एकटा, आणि त्याच्या मागे तरुण दोघे, कोणाचं ऐकावं ते न कळून.

तेवढ्यात मागून एक जीप आली. स्कूबाला आलेले पर्यटक, टपावर फुगवलेल्या ट्यूब. ड्रायव्हरने आधी ब्रेक लावला, मग जरा थांबला, मग हॉर्न दिला.

तो हॉर्न वाजला आणि सलोमीकाकी चालायला लागली. बायकांच्या रांगेतून बाहेर, पेटीच्या बाजूने, पुढे. बायका कधी पेटीच्या पुढे जात नाहीत. ती गेली. पाळकसाहेबांच्या हातातला स्पीकर तिने घेतला. त्यांनी दिला नाही, तिने घेतला. बटण कुठे ते तिला सापडेना, म्हणून तिने तो पदरात गुंडाळला, घट्ट, रडणारं पोर गुंडाळावं तसा. पदरातून गीत पुटपुटत राहिलं.

ती वळून गुरुदाससमोर उभी राहिली.

"काकी, आता नको," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "लोक बघतत."

"बघूंदेत."

"आवशीक खांद्यार घेवन मी रस्त्यार उभो आसंय!"

"मगे उभो रव." आवाज हळूच होता, पण शेवटच्या बाईपर्यंत पोहोचला. "तिची ओळ संपासर उभो रव. नव म्हयने तिणा तुका उचललेला, तेवा कोणी ट्रॅक लावक नाय. तू तिची जीभ कापलंस. पुस्तकात कापलंस, ता छापणाऱ्याक दिसला नाय, पाळकाक दिसला नाय. आज ती पेटयेत आसा, तिका बोलूक येणा नाय. आमका येता."

"मी तिच्यासाठीच..." गुरुदासचा आवाज फाटला. "तिचां गीत सगळीकडे जावचां, चांगलां दिसूचां, म्हणान..."

"तिचां नाय गेला. तुमचां गेला."

जीपवाला पुन्हा हॉर्न द्यायला गेला. संचिता त्याच्या खिडकीशी जाऊन काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिने नंतर कोणाला सांगितलं नाही, पण त्याने इंजिन बंद केलं.

काकीने डोळे मिटले आणि सूर धरला. रिबेकाचा सूर खालचा, घोगरा. तो तिला लागेना, पण ती सोडेना.

"मातयेक सांग, रे बाबा, हळू धर तिका..."

मागून बायकांनी उचललं. विस्कटलं, मग जुळलं. ओळ संपली. मग भिकाजीने, ज्याचा गळा समुद्राने केव्हाच खाल्ला होता, पुरुषांची दुसरी ओळ काढली:

"पापांचा हा भार घेउनी दारी उभा राहणार..."

आणि पाय उचलला. सहाही पाय उचलले गेले. ओळ संपली, थांबले.

"दार उघड, रे बाबा, भायर वारो आसा..."

असा तो उतार उतरला. चालणं, थांबणं. गुरुदास गात नव्हता, पण थांबत होता. थांबला की मान खाली. पुरुष म्हणत होते की न्यायासनापुढे प्राण थरथरतो आहे. बायका म्हणत होत्या की थरथरत असेल तर तुझी वाकळ घाल, बघत काय बसलास. पुरुष म्हणाले, शिक्षा दे वा क्षमा कर. बायका म्हणाल्या:

"शिक्षा भोगून ईली, रे बाबा, आता जेवक वाढ..."

या ओळीला काकीने डोळे उघडे ठेवले होते, पाळकसाहेबांवर. त्यांनी नजर वळवली नाही. एवढं त्यांचं मानायला हवं.

फाटक आलं. पेटी थांबली. शेवटची ओळ. काकीने चार दिवस तिच्यावर विचार केला होता. शांतीची ओळ केली होती, माफीची केली होती, पोरं पाठ करतात तशी घोकली होती. ती आता आठवेना. छातीत नुसता राग होता, आणि त्या रागात रिबेका, गडग्यावर हात ठेवून उभी, विळीसारखी. काकीने तिलाच समोर धरलं आणि म्हणाली:

"उलट बोलतली तुका, रे बाबा, आयकान घे तिचां..."

बायकांपैकी एकीला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. सगळ्यांनी ती ओळ उचलली. पुन्हा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. रीत एकदाच म्हणायची होती, पण कोणी थांबवलं नाही. पेटी खांद्यावर घेऊन गुरुदास उभा होता. ओळ संपल्यावरही उभा राहिला, आणि भिकाजीला म्हणावं लागलं, "चल रे झिला. झाली आता."

माती झाली. लोक हात धुवायला नळावर गेले. गुरुदास काकीकडे आला. डोळे सुजलेले, शर्टावर लाल धूळ. खिशातून त्याने फोन काढला.

"काकी, ती शेवटची ओळ... परत म्हणशीत? रेकॉर्ड करून ठेवतंय. आणि बाकीच्या पण. पुढल्या आवृत्तीत घालतलंय, माजो शब्द. परिशिष्टात नाय, गीतातच. आईच्या नावान."

"नाय."

"आता कित्या नाय?"

"कारण तुका अजून कळूक नाय." काकीने हातावरची माती पदराला पुसली. "ती ओळ रिबेकाची. ती तिच्यावांगडा गेली. उद्या भिकाजीची बायल जायत, तिका ती कशी लागात? ती जन्मात कोणाक उलट बोलूक नाय. तिका वेगळी व्हयी. शब्द छापून देव नको, गुरुदास. शब्द आमच्याकडे आसत, तेंची तुका काळजी नको. तुमी जागा खाल्ल्यात. ती जागा परत दी."

"पुस्तकां छापून झाली, काकी. मंडळ्यांत पोचली. आता जागा खयसून हाडू?"

"ता सचिवान बघूचां."

त्याने फोन खिशात टाकला. मग लहानपणी भांडण झाल्यावर विचारायचा तसं त्याने विचारलं, "राग गेलो काय तुजो?"

पश्चिमेला सुरूच्या झाडांमागे ऊन उतरायला लागलं होतं. नेम तिला माहीत होता. देवालाही माहीत होता.

"नाय," ती म्हणाली. "आणि मी तेका घालवूक बघूचंय नाय. रविवारी देवळात येतलंय, तेवा तो माज्यावांगडा बाकार बसतलो."

ती बायकांकडे निघाली. गुरुदासने मागून हाक मारली.

"काकी, स्पीकर! समितीचो आसा तो."

स्पीकर अजून तिच्या पदरात होता. केव्हाच गप्प झालेला. काकीने मागे वळून पाहिलं नाही.

"समितीक सांग," ती चालता चालता म्हणाली, "बायकांकडे आसा म्हणान. व्हयो तर बायकांच्या बाकाकडे येवन मागा."